रवळूचा फायंडर आणि म्हशीची कोंड

ऐका. आणि ऐकायचं तर नीट ऐका, मध्ये कोणी खोकलं तरी मी थांबणार नाही. रापणीचं जाळं ओढायला अजून दोन तास आहेत. शिरप्या, तो मोबाईल आधी खिशात घाल. त्याच्या उजेडात तुझंच तोंड भुतासारखं दिसतंय, मग माझ्या भुताला कोण विचारणार?

तर दिवेलागण होऊन गेली होती. लोकांची जेवणं उरकली होती. आणि रवळू कुबल आपली फायबरची होडी खाडीत ढकलून निघाला. एकटा निघाला. आपल्या आडबंदरात रात्रीची होडी एकट्याने कोणी पाण्यात घालत नाही. दोघं लागतात. एक मागे इंजिनावर, एक पुढे नाळेवर. नाळ म्हणजे होडीचं पुढचं टोक, हे घाटावरून आलेल्या जावयांसाठी सांगतो, बाकीच्यांनी हसायचं कारण नाही. रवळूला हे ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं. पण त्याच्या नाळेवर बसणारा माणूस घरी ओट्यावर बसून राहिला होता. तो माणूस म्हणजे त्याचा बाप, वासू तांडेल. तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या.

वासू तांडेलाला तुम्ही सगळे ओळखता. पण त्याचे कान चालत होते तेव्हाचा वासू तुम्ही पाहिला नाही. मी पाहिलाय. होडी थांबवायची, वल्हं पाण्यात उभं धरायचं आणि मुठीला कान लावायचा. बस. मासा बोलतो, बाबांनो. घोळ बोलते, ढोमा बोलतो, बेडकासारखा डुरकतो. ते लाकडातून वर येतं. वासू डोळे मिटून ऐकायचा आणि म्हणायचा, "पाच वाव खाली. दक्षिणेक. टाका जाळा." हात पसरले की एक वाव, हे तरी माहीत आहे ना? टाकलं जाळं की भरलंच. एकदाही चुकलेला मला आठवत नाही, आणि माझी आठवण तुमच्यापेक्षा बरी आहे.

मग कान गेले. वीस वर्षं इंजिनाची धडधड उशाशी घेतलेली. आधी डावा गेला, मग उजवा. एके दिवशी वल्ह्याला कान लावून तो अर्धा तास तसाच बसला. शेवटी वासूने वल्हं होडीत आडवं ठेवलं, घरी आला, आणि त्यानंतर पाच वर्षं त्याने पुळणीच्या वाळूवर पाऊल ठेवलं नाही. ओट्यावर बसायचा तोसुद्धा दर्याकडे पाठ करून. रवळूला ते फार लागलं. मासे मिळत होते की नव्हते ते सोडा. बाप पाठ करून बसलाय हे त्याला बघवत नव्हतं.

म्हणून त्याने मनावर घेतलं. बापाचा कान गेला, डोळे तर शाबूत आहेत. जे कानाने ऐकत होता ते डोळ्यांनी बघू दे. आणि तो तालुक्याला जाऊन फिश फायंडर, म्हणजे मासे शोधायचं यंत्र, बघून आला. एकदा नाही, तीनदा. रवळू असा माणूस, की चप्पल घेतानासुद्धा दुकानदाराला घाम फोडेल.

दुकानदाराने आधी हातभर पडद्याचं यंत्र पुढे केलं. त्यात सगळा किनारा, सगळी बंदरं, सगळे दीपस्तंभ. रवळू म्हणाला, "माका नकाशो नको. खाडी माका पाठ असा. माका खालचा दाखव."

मग दुकानदाराने दुसरं काढलं. हे यंत्र दोन तऱ्हेचा आवाज खाली सोडतं. खोल दर्यासाठी जाड आवाज, खाडीसाठी बारीक. आवाज तळाला जाऊन आपटतो, परत येतो, आणि वाटेत मासा असला तर पडद्यावर कमान उमटते. शेजारी पाण्याची खोली आकड्यात. फुटात बघा, मीटरमध्ये बघा नाहीतर वावेत बघा. वाव म्हटल्यावर रवळूचे डोळे चमकले.

"आकडे मोठे होतत?" त्याने विचारलं. "माझ्या बापाशीक अक्षर येणा नाय. आकडे येतत."

दुकानदाराने आकडे मोठे करून दाखवले. तेच यंत्र घेतलं.

आता बसवण्याची गोष्ट. यंत्राचा डोळा, म्हणजे आवाज सोडणारा भाग, साबणाच्या वडीएवढा असतो, काळा. तो होडीच्या मागच्या फळीवर, पाण्याखाली राहील असा लावायचा. कागदावर चित्र काढून सांगितलं होतं, उजव्या बाजूला लावा. पण आपल्यात होडीच्या उजव्या अंगाला भोक कोण पाडेल? नवी होडी पाण्यात घालताना कुंकू त्या अंगाला लागतं. जाळं त्या अंगाने वर येतं. उजवं अंग देवाचं. रवळूने कागद वाचला, मान डोलावली आणि डोळा डाव्या अंगाला ठोकला. झालं असं, की इंजिन सुरू केलं की पंख्याचा सगळा फेस नेमका त्या डोळ्यावर. पडद्यावर नुसती खरखर. इंजिन बंद केलं की आरशासारखं स्वच्छ. रवळू म्हणाला, हरकत नाय, बंद करून बघू. हे ध्यानात ठेवा, पुढे याच्यावरच त्याचा जीव टांगणार आहे.

यंत्र बसवलं आणि तो बापाला हाताला धरून होडीपाशी न्यायला गेला. वासू उठला नाही. रवळू त्याच्या कानात ओरडून ओरडून सांगत होता आणि म्हातारा नुसता बघत होता. शेवटी म्हणाला, "ह्यां दर्यात डोकावणा झाला. दर्यो आपणहून सांगता तेवढाच ऐकाचा. माका तो सांगणा नाय आता. सोड."

रवळूने ठरवलं, म्हातारा बोलण्याने उठायचा नाही. या यंत्राने शोधलेली टोपलीभर मासळी त्याच्या पुढ्यात ओतायची, मग कसा उठत नाही बघू. म्हणून त्या रात्री तो एकटा निघाला. बापाला परत नाळेवर बसवायचं, एवढ्यासाठी सगळं चाललं होतं.

आणि मासळी हमखास कुठे असेल? जिथे कोणी जाळं टाकत नाही तिथे. म्हणजे म्हशीच्या कोंडीत.

खाडी जिथे कातळाला वळसा घालते तिथे ती कोंड आहे. नऊ वाव पाणी. आपले सगळे लोक तिथे आले की पलीकडच्या काठाला होडी घासत नेतात. का नेतात? आता मला नाव घ्यायला लावू नका. बरं, घेतो. गिऱ्हा. बुडून मेलेला, ज्याचं कोणी क्रियाकर्म काही केलं नाही असा माणूस पाण्यातच राहतो, तो गिऱ्हा. तुमच्याच माणसाचं रूप घेतो, तुमच्याच माणसाच्या आवाजात बोलतो, आणि खोल पाण्यात नेतो. उथळ पाण्यात मात्र त्याचं बळ बेडकाएवढं.

रवळूला हे सगळं ठाऊक होतं. तो मनात म्हणाला, गिऱ्हा आसलो तर यंत्रात दिसतलोच. घाबरणाऱ्यातला नव्हताच तो.

कोंडीच्या मधोमध त्याने इंजिन बंद केलं. पडदा उजळला. तळ नऊ वाव. आणि तळाच्या वर मासळीच मासळी. कमानीवर कमान, नुसता थर लागलेला. रवळूने उजव्या अंगाने जाळं सोडलं. थांबला. ओढलं. रिकामं. शेवाळाचा धागा नाही, की शिंपला नाही. आणि जाळं हाताला कोरडं लागलं. नऊ वाव पाण्यातून वर आलेलं जाळं, वाळत घातल्यासारखं कोरडं. तुम्ही काय केलं असतंत? मी तर थेट घर गाठलं असतं. रवळू म्हणाला, नवीन नायलॉन असा, पाणी धरीत नसात. आणि त्याने जाळं परत टाकलं.

या खेपेला जाळं उचलवेना. होडीच्या काठाला पाय लावून त्याने ते आत घेतलं. होडीत चांदी सांडल्यासारखी मासळी. थडथड उडतेय, पायावर आपटतेय. रवळूला हसू फुटलं. आता उठशील, म्हाताऱ्या, तो म्हणाला. आणि बॅटरी पेटवून बघतो तर पानं. खारफुटीची पानं. गुडघाभर ढीग. पण ऐका, पानं असून ती उडतच होती. त्याच्या डोळ्यांदेखत फडफडत होती, आणि मग एकेक करून गप्प झाली.

आता मात्र तो मागे इंजिनाकडे वळला. त्याने इंजिनाच्या दोरीला हात घातला, आणि सहज पडद्याकडे नजर गेली. मासळी नव्हती. एकही कमान नव्हती. सगळी कोंड धुतल्यासारखी मोकळी. तळाशी मात्र एक खूण होती. मासा आडवा असतो. ही खूण उभी होती.

ती वर यायला लागली. आठ वाव. सात वाव. घाई नाही काही, दम खात येतेय. पाच. रवळूने दोरी ओढली. इंजिन खोकलं आणि बंद पडलं. तीन. परत ओढली. दोन. एक. बरोब्बर होडीखाली. आणि खूण नाहीशी झाली. पडदा मोकळा. रवळूने श्वास सोडला. खाली नाही म्हणजे गेला, असं वाटलं त्याला. अरे, खाली नाही तर कुठे, हा प्रश्न नको का पडायला?

होडीची नाळ खाली दबली. माणूस बसल्यावर दबते तेवढीच. रवळूने मान वर केली. नाळेवर वासू तांडेल बसला होता. ओलाचिंब. होडीत दोन वल्ही होती, त्यातलं एक मांडीवर घेऊन. पाच वर्षांपूर्वी बसायचा तसाच.

"रवळू," तो म्हणाला, "माका ठेवून एकटोच इलंस?"

तुम्हाला वाटेल रवळू किंचाळला असेल. नाही. त्याला आनंद झाला. खरं सांगतो, आनंद झाला. पाच वर्षं माणूस ज्या गोष्टीसाठी झुरतो ती समोर येऊन बसली की तो अकलेला बाजूला ठेवतो. तो आपल्याशीच, ओठातल्या ओठात पुटपुटला, "बाबा इलो रे देवा."

आणि नाळेवरून लगेच उत्तर आलं, "येतलंय नाय तर काय? झील माझो तू."

घरातला बाप दाराशी ढोल वाजवला तरी मान वळवत नव्हता. इथे पुटपुटलेलं ऐकू गेलं.

त्याने अजून हळू विचारलं, "बाबा, तुमका ऐकूक येता?"

"सगळा येता मरे. तुझ्या छातीतला सुद्धा येता."

आता हे कोणाला सांगू नका, रवळूने मला एकट्याला सांगितलंय. त्या क्षणी त्याला वाटलं, असू दे. भूत असला तर असू दे, ऐकतोय ना? पाच वर्षांत बापाशी जे बोलायचं राहिलं ते सगळं त्याच्या घशाशी आलं होतं. नाळेवरच्याने वल्हं पाण्यात उभं धरलं आणि म्हणाला, "हंय ये. वाक. ह्या वल्ह्याक कान लाव. मासो बोलता तो ऐक." रवळू अर्धा उठला. खरंच उठला. एक पाय पुढे टाकला.

आणि त्याला आपला खरा बाप दिसला. ओट्यावर, पाठ करून बसलेला. मी इथे वाकलो तर त्या म्हाताऱ्याला उद्या कोण हाक मारणार, असं त्याच्या मनात आलं, आणि तो मागे बसला.

पळायचं कसं? इंजिन लागत नव्हतं, आणि लागलं असतं तरी पडद्यावर नुसती खरखर, मग गिऱ्ह्याला गुंतवायला काही उरलं नसतं. पण उजव्या काठाला, दोनशे हातांवर, वाळूची पुळण होती. तिथे गुडघाभर पाणी. भरतीची ओढही तिकडेच. रवळूने दुसरं वल्हं हळूच मागे पाण्यात सोडलं. आणि मग त्याने काय केलं? यंत्र खिळीवर फिरवलं आणि पडदा त्याच्या तोंडाकडे केला.

"बाबा, वल्ह्याचे दिवस गेले. आधी ह्यां बघा. तुमच्यासाठीच हाडलंय."

गिऱ्हा नाळेवरून पडद्याजवळ सरकला आणि त्याने मान पुढे काढली. "ह्यां काय?"

रवळूने तालुक्याच्या दुकानदाराला लाजवेल असं सुरू केलं. ही वरची रेघ म्हणजे पाणी. ही खालची जाड रेघ म्हणजे तळ. बारीक आवाज खाडीसाठी, जाड आवाज दर्यासाठी. आकडे बघा केवढे, तुमच्यासाठी मोठे केलेत. तोंड चालू आणि मागे हात चालू. वल्हं पाण्यात इकडून तिकडे, आवाज न करता. होडी सरकत होती.

गिऱ्हा बघतच राहिला. इतकी वर्षं त्या कोंडीत राहिला, पण आपलं घर त्याने वरून कधी पाहिलंच नव्हतं. हा कातळ, ही कपार. मग त्याने तळावरच्या एका बारक्या खुणेवर ओलं बोट ठेवलं. बोट काढीना. ते काय होतं ते तुमचं तुम्ही समजा. कोणाचं कोणी काही केलं नव्हतं, हे मी मघाशीच सांगितलंय.

पण होडी पुढे गेली की चित्र डावीकडे सरकतं. ती खूण कडेला गेली आणि पडद्याबाहेर पडली.

"परत थंय ने," गिऱ्हा म्हणाला. आवाज बापाचाच, पण आता घोगरा.

"नेतंय बाबा. जरा दम धरा. ह्या बटणावर बोट ठेवा, मोठा दिसता." एवढी हिंमत. हात चोरून वल्हं मारतोय, आणि तोंड म्हणतंय बटण दाबा. आकडा सातावर आला. सहावर. चारवर.

"पाणी खंय गेला?"

"खंय नाय. यंत्र नवीन असा, जरा चुकता."

तीन. दोन. तेव्हा गिऱ्ह्याने पडद्यावरून तोंड वर केलं. ते तोंड वासूचं नव्हतं. कोणाचंच नव्हतं, नुसतं पाण्याने फुगलेलं. त्याने रवळूचं डावं मनगट धरलं. बर्फाने पोळतं तसं पोळलं. आणि होडी खालून खरवडली. वाळू लागली. रवळूने अंग बाहेर झोकून दिलं, गुडघाभर पाण्यात पडला, आणि मनगटाला हिसका दिला. सुटलं. बेडकाएवढंच बळ उरलं होतं ना?

गिऱ्हा ओरडला नाही. त्याने यंत्राला दोन्ही हातांनी मिठी मारली, वायरीसकट उपटलं आणि पाण्यात गेला. वाळूवर पडल्या पडल्या रवळू बघत होता. पाण्याखालून एक निळा उजेड कोंडीकडे चालला होता. मधोमध पोचला आणि खाली, खाली, खाली गेला. यंत्राची बॅटरी होडीतच होती. तुटलेली वायर रवळूच्या डोळ्यांसमोर लोंबत होती. तरी पडदा पेटलेला.

फटफटताना तो घरी पोचला. मासळी नाही, यंत्र नाही. वासू ओट्यावरच होता. रवळू त्याच्या पायाशी बसला आणि रडला. ओरडून सांगायचं त्राण नव्हतं, आणि हळू सांगितलेलं ऐकू जाणार नव्हतं. तरी तो हळूच सांगत बसला. सगळं सांगितलं. म्हाताऱ्याला एक शब्द कळला नाही. त्याने लेकाचं मनगट उचललं. त्यावर पाच बोटं उठली होती, निळी. बराच वेळ बघितलं त्याने. तांडेल होता तो, त्याला काय सांगायला हवं?

"एकटो गेल्लंस?" त्याने विचारलं.

रवळूने हो म्हणून मान हलवली.

त्या संध्याकाळी रवळू पुळणीवर गेला तर वासू तांडेल आधीच होडीत बसलेला. नाळेवर. पाच वर्षांनी. रवळू जवळ जाऊन त्याच्या कानात ओरडला, "बाबा, यंत्र गेला. आता मासो कसो गावतलो?"

म्हातारा म्हणाला, "गावलो तर गावलो, नाय तर नाय. माका ऐकूक येणा नाय, मासो शोधूचो माझ्यान होवचो नाय. पण नाळेवर मी बसलंय तर थंय दुसरो कोण बसूचो नाय."

तो अजून बसतो. सत्तर उलटली, डोळेही आता मंद झाले. रवळू त्याला उचलून होडीत ठेवतो, पण एकटा पाण्यात जात नाही.

आणि तुम्हीही जायचं नाही. म्हशीच्या कोंडीवरून तर नाहीच, मग ओहोटी असो की घाई असो, पलीकडच्या काठाने जा. पूर्वी वरून होडी गेली तर गिऱ्ह्याला नुसती सावली दिसायची. आता त्याच्यापाशी यंत्र आहे. तो खाली बसून वर बघतो. कोणाची होडी, किती वावांवर, आणि आत माणसं किती. दोन दिसली तर तो हलत नाही. त्याला एकच माणूस लागतो, आणि नाळेवरची जागा रिकामी.